शाडूचे गुडघे

सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांचा चेहरा पाहिलाच नाही. आमच्या रोह्याच्या हॉस्पिटलात मी आयसीयूच्या दारापाशी वाकून सांडलेलं सलाईन पुसत होते. सफाईच्या मावशी कुणाच्या तरी हळदीला गेल्या होत्या, आणि मालक डॉक्टरांच्या मते नर्सने फरशी पुसली म्हणून तिचं सर्टिफिकेट काही रद्द होत नाही. तेवढ्यात डोळ्यांसमोर दोन गुडघे येऊन थांबले. गोरेपान, वाटोळे, तुळतुळीत. वर खाकी हाफपँट. मी मान वर न करताच म्हटलं, "काका, नातेवाइकांनी खाली बसायचं."

"नातेवाईक नाही, मी नवीन फिजिशियन," वरून आवाज आला. "पण चेहरा न बघता गुडघे बघितलेस, हे उत्तम केलंस. पेशंटच्या बाबतीतही हेच करायचं."

मला वाटलं, माणूस विनोदी आहे. माणसं ओळखण्यात मी इतकी कधीच फसले नव्हते. सरांना विनोद कळत नसे, करता तर मुळीच येत नसे. ते जे बोलत ते अगदी मनापासून बोलत, आणि म्हणूनच त्यांच्यापुढे हसू आवरणं हे ड्यूटीतलं सगळ्यात कठीण काम होतं.

सर राहायचे पेणला, एका गणपतीच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. आठवड्यातून दोनदा रेल्वेने रोह्याला येत. मुंबईत बरीच वर्षं संशोधन करून, तिथल्या झाडून सगळ्यांशी भांडून ते गावी परतले होते. आमच्या मालक डॉक्टरांना बोर्डावर लिहायला एक लांबलचक डिग्री हवी होती आणि ती सरांकडे होती. डिग्रीबरोबर माणूसही येतो, हे मालकांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

हाफपँटचं प्रकरण पहिल्याच महिन्यात पेटलं. मालकांनी फार गोड शब्दांत सुचवलं की धाटावच्या कंपन्यांचे मोठे साहेब इथे येतात, तेव्हा फुल पँट घातलीत तर बरं दिसेल. सर म्हणाले, "पेशंटचा गुडघा बिघडलाय हे कळायला चांगला गुडघा कसा दिसतो ते समोर नको का? मी नॉर्मल बरोबर घेऊन फिरतो." मालकांनी हात जोडले आणि केबिनमध्ये जाऊन पंखा मोठा केला. पुढे रोह्यात आणि पुलापलीकडच्या अष्टमी गावात सरांचं खरं नाव कुणाला ठाऊकच राहिलं नाही. 'गुडघे डॉक्टर' म्हटलं की रिक्षावाला थेट आमच्या दारात आणून सोडायचा.

आता गुडघेच का, ते सांगायला हवं. सरांनी ते आम्हाला इतक्या वेळा ऐकवलंय की मी झोपेतही म्हणून दाखवीन. जंतुसंसर्ग रक्तातून अंगभर भिनला की प्रेशर पडतं आणि एकेक अवयव हात टेकायला लागतो. त्याला सेप्टिक शॉक म्हणतात. अशा वेळी आपण सगळे मॉनिटरकडे डोळे लावून बसतो. ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव, औषध लावून प्रेशरही जागेवर, म्हणजे झालं. सरांचं म्हणणं असं की हे सगळं मोठ्या नळाचं माप आहे. आतल्या पेशींपर्यंत ऑक्सिजन जातोय का, आणि गेलेला त्या वापरतायत का, हे मॉनिटरला कळत नाही. ते कळायला रक्ताच्या तपासण्या आहेत, पण त्यांचं मशीन आमच्याकडे नव्हतं आणि मालक ते घेणाऱ्यातले नव्हते. गुडघा मात्र प्रत्येक पेशंटकडे होता. आतला रक्तप्रवाह आटला की गुडघ्याभोवतीच्या कातडीवर जांभळट जाळी उमटते, आणि ती मांडीकडे चढायला लागली की माणूस हातचा जायला लागलाय असं समजायचं. यात खोटं काही नाही. पुस्तकात हे एका परिच्छेदात दिलेलं आहे. सरांनी त्या परिच्छेदावर सगळं आयुष्य काढायचं ठरवलं होतं.

"पोचलं म्हणजे वापरलं असं नाही," हे त्यांचं पालुपद. ते त्यांनी कुठेही लावलेलं मी ऐकलंय. आदिवासीवाडीवर टँकर गेल्याची बातमी कुणी वाचली की सर म्हणणार, "टँकर पोचला. हंडे भरले का?" कोविडनंतर घराघरांत बोटाला लावायचं ते यंत्र आलेलं. कुणी कौतुकाने बोट पुढे करून "सायब, अठ्ठ्याण्णव" म्हणालं की सर गुरगुरत, "अठ्ठ्याण्णव कुणाचं? बोटाचं. गुडघ्याला विचारलंस?" आणि माझ्या बाबतीत तर त्यांचं निदान कायमचं झालेलं होतं. "माझं बोलणं तुझ्यापर्यंत पोचतं. तू ते वापरत नाहीस."

या वेडाची मुळं मुंबईच्या लॅबमध्ये होती. तिथे सर कृत्रिम रक्त बनवत. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं जे हिमोग्लोबिन असतं ते पेशींतून बाहेर काढायचं, शुद्ध करायचं आणि बाटलीत भरायचं. मग रक्तगट जुळवायला नको की दाता शोधायला नको. शॉकमधल्या उंदरांना ते दिलं की त्यांचं प्रेशर झटक्यात वर यायचं. सगळी टीम पेढे वाटायला निघाली, आणि उंदीर मेले.

"प्रेशर उत्तम होतं," सर सांगायचे. इथे एक लांब थांबा घ्यायचे. "उंदीर मेले."

का मेले, तर त्या मोकळ्या सुटलेल्या हिमोग्लोबिनने रक्तवाहिन्यांना सैल ठेवणारा वायूच शोषून टाकला. वाहिन्या आवळल्या म्हणून प्रेशर वाढलं, आणि आवळल्या म्हणूनच आत काही जाईना. वर आकडे देखणे आणि आत पेशी उपाशी. मुख्य संशोधक म्हणाले, आकडे चांगले आहेत, पुढच्या टप्प्याला जाऊ. सरांनी एक मेलेला उंदीर नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे याला सांगा." पेणला परत येण्याचं कारण विचारलं की सर 'आईची तब्येत' असं सांगत. उंदराची गोष्ट त्यांनी आम्हाला एवढ्या वेळा सांगितली होती की आईचं कुणाला खरंच वाटत नसे.

हीच गोष्ट त्यांनी धाटावच्या एका कंपनीत रक्तदान शिबिराच्या उद्घाटनाला सांगितली. त्यांना फक्त नारळ फोडून दोन शब्द बोलायचे होते. सरांनी नारळ फोडला आणि कृत्रिम रक्ताच्या जन्मापासून सुरुवात केली. पहिल्या शिफ्टची बस भोंगा वाजवून वाजवून निघून गेली. शेवटी मागून एक ऑपरेटर उठला.

"मंग सायब, ह्यो बाटलीतला रगत आपल्याकडं कवा येनार?"

"येणार नाही. त्याने मरतात."

"कोन मरतात?"

"उंदीर."

पहिल्या खाटेवर बाही दुमडून बसलेला इसम हळूच उठला आणि चप्पल शोधायला लागला. त्याच्यामागे दुसरा उठला. त्या दिवशी जेवढे बिस्किटांचे पुडे उरले तेवढे त्या कंपनीत आधी कधी उरले नव्हते. त्याहून मोठा घोटाळा पुढे झाला. गावात बातमी अशी पसरली की गुडघे डॉक्टरकडे बाटलीतलं रक्त आहे, फ्रीजमध्ये ठेवलेलं, पण तो ते कुणाला देत नाही. मग पेशंटला रक्त लागणार म्हटलं की सोबत आलेले धडधाकट पुरुष चहाला म्हणून पसार व्हायचे आणि एखाद्या म्हातारीला पुढे करायचे. म्हातारी म्हणायची, "सायब, पोरांना कामाला जायाचं हाय. तुमच्या बाटलीतलं लावा ना." सर संतापाने लाल व्हायचे आणि जिन्यातून ओरडायचे, "माणसाला माणसाचंच लागतं!" मग जाऊन स्वतःच रक्त देऊन यायचे. असं दर थोड्या महिन्यांनी व्हायचं. रक्त देतानाही खाटेवर पडल्या पडल्या ते टेक्निशियनच्या गुडघ्यांची चौकशी करत.

एवढं असूनही सर एकदा बरोबर ठरले, आणि तिथून आमचे हाल सुरू झाले. धाटावच्या कंपनीतला एक तरुण इंजिनिअर तापाने फणफणून आला होता. उत्तरेकडचा, गोरापान मुलगा. मॉनिटरवर सगळं छान होतं, तो स्वतः मोबाईल बघत पडला होता. सरांनी चादर वर केली आणि गुडघ्यांवरची जाळी बघून त्याला तिथल्या तिथे पनवेलच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवला. मालक नको नको म्हणत होते. तिथे पोचेपर्यंत मुलाची शुद्ध हरपली होती. पण पोचला, वाचला, आणि त्याचे आईवडील आमच्याकडे मिठाई घेऊन आले. मालकांनी सरांच्या बाजूला उभं राहून फोटो काढला, कंबरेच्या वर. मलाही त्या दिवशी सरांचा अभिमान वाटला होता, हे मी नाकारत नाही.

त्या यशाच्या भरात सरांना वाटलं की ही विद्या सगळ्या नर्सना आली पाहिजे. पण शॉकचे पेशंट काही शिकवणीच्या वेळेला येत नाहीत. सरांच्या घराखाली गणपतीचा कारखाना होताच. त्यांनी मूर्तिकाराला गाठलं आणि शाडूचे गुडघे करून मागितले, अर्ध्या मांडीपासून अर्ध्या पोटरीपर्यंत. मूर्तिकार बिचकला. मला हे नंतर त्यानेच सांगितलं.

"मी म्हनलं, डॉक्टर, देवाचा पाय करायचा आनि देव करायचा नाय, ह्ये बरं दिसत नाय. तर म्हनतात, देव नाय रे, पेशंट हाय. म्हनलं, मंग चालंल."

त्याने हात राखून काम केलं नाही. सांगितल्याप्रमाणे सहा गुडघे केले, निरोगीपासून मरणाच्या दारापर्यंत. आधी सगळ्यांना अंगाचा रंग मारला, म्हणजे पेणच्या कारखान्यांत डब्यात तयार असतो तो, मूर्तीच्या अंगाला देतात तो गुलाबी. त्यावर स्प्रेने जांभळी जाळी. पहिल्या गुडघ्यावर काही नाही, दुसऱ्यावर वाटीएवढा डाग, असं करत शेवटचा पार वरपर्यंत जांभळा. मग हे सगळं पेंढ्यात गुंडाळून आंब्याच्या पेटीत भरलं आणि सर रेल्वेत बसले. निडी स्टेशनला चढलेल्या एका बाईने पेंढा बघून पेटीला हात जोडले आणि विचारलं, "मूर्ती कुनाकडं चालल्यात?"

"मूर्ती नाहीत, गुडघे आहेत."

बाई रोह्यापर्यंत दारात उभी राहिली. हे सरांनी आम्हाला अत्यंत गंभीरपणे सांगितलं आणि विचारलं, "तिला काय झालं असेल?"

ते गुडघे आयसीयूतल्या फळीवर रांगेने बसले. सर आले की दर वेळी एक उचलून विचारणार, "हा कितवा? काय करशील?" चुकलं की पुन्हा. मी सुरुवातीला चुकत असे. मग पाठ झाले. मावशी तर झाडू मारता मारता सांगायच्या, "ह्यो चवथा, ह्याला पनवेलला घाला." संध्याकाळी फळीवर त्यांनी उदबत्तीही लावायला सुरुवात केली होती. सरांनी ती बंद केली, कारण धुराने जाळीचा रंग बदलेल. पेशंटला हात लावून बघितलेलं मात्र त्यांना खपत नसे. "हात फसवतो," ते म्हणायचे. "एसीत सगळेच गार लागतात. डोळा वापर." आम्ही सगळ्या जणी काळ्यासावळ्या, आणि गुलाबी गुडघ्यांवर परीक्षा पास झालेल्या. एकीलाही त्यात काही खटकलं नाही. याचा मला आजही राग येतो.

हिराबाई आल्या त्या सरांच्याच दिवशी. पेणच्या खाडीकडच्या एका गावातल्या, जन्म मिठागरात गेलेला. लेक वनिता अष्टमीला माझ्याच गल्लीत राहते, तिच्याकडे चार दिवस आल्या होत्या. पायाला चिरा पडलेल्या होत्याच, त्यात एक चिघळली, पाय सुजला आणि ताप चढला. आम्ही सलाईन लावलं, अँटिबायोटिक दिलं, प्रेशरचं औषध सुरू केलं. प्रेशर आलं. ऑक्सिजन नेहमीचाच, अठ्ठ्याण्णव. हिराबाई बोलत होत्या, मला म्हणाल्या, "पोरी, घरी कवा सोरताव?" पण श्वास भराभर चालला होता आणि लघवीच्या पिशवीत जवळजवळ काही नव्हतं. मी ते सरांना सांगितलं.

सर मॉनिटरकडे पाठ करून बसले. नखं दाबून रंग परत येतो का ते पाहिलं, पण मिठाने घट्टे पडलेल्या त्या बोटांवरून काही समजेना. मग चादर वर केली आणि स्टूल ओढून खाटेला लागून बसले. आपला गुडघा त्यांच्या गुडघ्याशेजारी नेला आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. सरांचा गुडघा लोण्यासारखा आणि हिराबाईंचा उन्हात आणि मिठात करपून काळाभोर झालेला.

"जाळी नाही," सर म्हणाले. "एकसारखा रंग. पहिला नंबर. गुडघे उत्तम आहेत."

वनिता पायापाशी उभी होती. "सायब, पाय गार परलेत ओ तिचं. पनवेलला नेऊ का? गारी हाय आमच्याकडं."

"एसी आहे म्हणून गार. गरज नाही नेण्याची."

मालक डॉक्टरही आत आले. त्यांनी ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला थांबवून ठेवलं होतं. त्यांच्या मनात भीती होती आणि त्या दिवशी ती भीती शहाणी होती. सरांनी त्यांना झाडलं. "आकडे बघून पेशंट ठेवायचे नाहीत आणि आकडे बघून पाठवायचेही नाहीत. मी गुडघे बघितलेत." त्या इंजिनिअरनंतर मालकांना सरांपुढे बोलायची सोय राहिली नव्हती. ते बाहेर निघून गेले. वनिता माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, सर म्हणतात तर थांब.

दुपारनंतर हिराबाई बोलेनाशा झाल्या. मग हाकेला डोळे उघडेनाशा झाल्या. औषध वाढवत नेलं तरी प्रेशर ढासळत गेलं. सर उठून उभे राहिले, पुन्हा चादर वर केली, पुन्हा गुडघे बघितले. गुडघे तसेच होते. शेवटी मालकांनीच ॲम्ब्युलन्स लावायला सांगितली. सर वनिताबरोबर आत चढले. नागोठण्याच्या अलीकडे हिराबाई गेल्या.

सर परत आले तेव्हा मी ड्यूटी संपूनही बसून होते. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त चीड येत होती. ते आत येऊन खुर्चीवर बसले. मी त्यांच्याच आवाजात, त्यांच्यासारखाच थांबा घेऊन म्हटलं, "गुडघे उत्तम होते, सर. हिराबाई गेल्या."

मला वाटलं होतं ते ओरडतील. मला ते हवंही होतं. ते उठले, फळीवरून पहिल्या नंबरचा गुडघा काढला, माझ्याजवळ आले आणि तो टेबलावरच्या माझ्या हाताशेजारी ठेवला. गुलाबी शाडू आणि माझा हात. माझा हात हिराबाईंच्या रंगाचाच आहे. मग शेवटचा गुडघा आणला, मरणाच्या दारातला, आणि तोही तिथे ठेवला. त्याच्यावरचा जांभळा रंग माझ्या हातापेक्षा उजळ होता. सर बराच वेळ तिन्हींकडे बघत होते. मग त्यांनी मावशींकडून बादली मागितली, पाणी भरलं आणि एकेक गुडघा आत सोडला. शाडू पाण्यात सुटायला वेळ लागतो. सर बादलीपाशी उकिडवे बसून राहिले. मावशींनी पदर सावरून हात जोडले आणि या वेळी सरांनी त्यांना काही म्हटलं नाही.

त्यानंतर ते काही दिवस आलेच नाहीत. मालकांनी बोर्डावरून डिग्री उतरवली नाही, एवढं मात्र सांगायला हवं. मग एके दिवशी सरांचा मला फोन आला. "वनिता तिच्या आईच्या गावी आहे का? तू ओळखतेस. पेणला ये आणि मला घेऊन चल." मला जायचं नव्हतं. तरी गेले, कारण हा माणूस तिथे एकटा गेला तर मार खाऊन येईल असं मला खरोखर वाटलं.

पेण स्टेशनबाहेर सर उभे होते आणि मी त्यांना ओळखलंच नाही. त्यांनी फुल पँट घातली होती. सोबत तो मूर्तिकार, त्याच्या हातात रंगाचे डबे आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. माफी मागायला जाणारा माणूस रंगाचे डबे घेऊन निघालाय, हे पाहून माझ्या मनात आलं की सर सुधारण्यापलीकडे गेलेले आहेत.

गावात शिरताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिठागरं होती आणि बाया कामावर होत्या, लुगडी गुडघ्याच्या वर खोचून, चिखलात उभ्या. ऊन लागत होतं. इतके गुडघे एका वेळी मी आयुष्यात पाहिले नव्हते. सर मान खाली घालून चालत होते.

वनिता ओटीवर बसली होती. तिने आम्हाला पाहिलं आणि उठली नाही. "आता कशाला आलाव?"

सर उभेच राहिले. "माझं चुकलं. मी जे बघत होतो ते तुझ्या आईच्या अंगावर दिसणारंच नव्हतं. ते मला माहीत असायला हवं होतं. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही."

आतून वनिताचा भाऊ बाहेर आला, सरांकडे बघितलं आणि परत आत गेला. त्याचं आत जाणं शिव्यांपेक्षा वाईट होतं. सर तरीही हलले नाहीत. म्हणाले, "नर्सना शिकवायला नवे गुडघे करतोय. रंग पाहिजे. तुमचा." मला तोंड लपवावंसं वाटलं. एवढा शिकलेला माणूस, पण सरळ वाक्य बोलता येत नाही.

वनिता माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "गो, त्यांना बोलता येत नाही. पण खरं बोलतात."

मग तिने लुगडं वर खोचलं, पाय पुढे केला आणि मूर्तिकाराला म्हणाली, "बघ. नीट बघ."

मूर्तिकाराने फडकं सोडलं. आत कालच केलेला, अजून न वाळलेला शाडूचा एक गुडघा होता. ओल्या मातीला रंग देत नाहीत, पण त्याला फक्त रंगाचा अंदाज घ्यायचा होता. त्याने एका फुटक्या बशीत तपकिरी घेतला, थोडा काळा घातला, वनिताच्या गुडघ्याकडे बघत कालवला आणि मातीवर एक पट्टा ओढला. हुबेहूब जमला होता. तो खूश होऊन वर बघायला लागला.

"ह्यो माजा," वनिता म्हणाली. "आय याच्याहून काली व्हती."

त्याने काळा वाढवला.

"आजून."

मूर्तिकार थांबला. सरांकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर, येवढा काला केला तं तुमची जांभली जाली त्याच्यावर दिसनार नाय."

"नाही दिसत," सर म्हणाले. "घाल."

त्याने घातला आणि सगळा गुडघा त्या रंगाने भरून काढला. वनिता ओटीवरून खाली उतरली आणि समोर बसली. मग तिने त्यावर तळवा ठेवला, रंग हाताला लागेल याची पर्वा न करता.

"गार हाय," ती म्हणाली. "त्या दिवशी असाच लागला व्हता."

सर तिच्याशेजारी मातीत बसले, फुल पँटसकट. तिने हात काढल्यावर त्यांनी आपला गोरा हात पुढे केला आणि त्या गुडघ्यावर ठेवला. बराच वेळ त्यांनी तो उचलला नाही.